तापलेलं तोंड, गार पाय

१२ मार्च

आई,

त्या दुपारी बाबा तुझ्यावर खरंच चिडले होते का? मला सांगता येत नाही. आठवडाभर ह्या एका प्रश्नाभोवती फिरते आहे, आणि उत्तर देता येत नाही म्हणून माझी चिडचिड होते आहे. तुझा राग तर आहेच. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तू मावशीकडे निघून गेलीस तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातून आले तर दार सताड उघडं. तू नाहीस. आतल्या खोलीत बाबा पलंगावर आडवे, पायांखाली घरातल्या सगळ्या उशा, तोंड लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले. "गेली ती," ओरडत होते. "मला मारायला बसली होती, जमलं नाही म्हणून गेली." मी पाणी पाजायला वाकले तेव्हा दिसलं की लघवीची नळी मांडीखाली दबली आहे आणि पिशवी कोरडी आहे. नळी सोडवली. पिशवी भरायला लागली आणि बाबांचा आवाज हळूहळू खाली आला. मला वाटलं, तू गेलीस म्हणून राग ओसरला. दोन वर्षं मी तेच समजून चालले. तूही तेच समजून मावशीकडे बसली आहेस.

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका पुनर्वसन रुग्णालयाच्या नर्सेस शिकायला आल्या होत्या. सर शिकवत होते, मी सामान मांडून देत होते. (पदवी मिळाल्यावर मला तिथेच ठेवून घेतलं आहे. मावशीनं सांगितलं असेल. सांगितलं असून तू एक फोन केला नाहीस, तेही लक्षात आहे.) सरांनी एका नर्सचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावला आणि दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा बांधला. आकडा वर चढला. सरांनी विचारलं, "हिला माझा राग आला का?" ती म्हणाली, "नाही सर, बोटं बधिर झाली फक्त." "मग बीपी का वाढलं?"

आई, तू मला मास्तरीण म्हणतेस ना, म्हणून हे तुला समजेल असं लिहिते आहे. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचं अस्तर असतं. पाठीच्या कण्यातून निघालेल्या बारीक नसा त्या अस्तराला सतत सांगत असतात, जरा आवळ, जरा सैल सोड. पुस्तकात ह्या नसांच्या जाळ्याला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. अनुकंपेशी तिचा काही संबंध नाही. थंडी, दुखणं, भीती, काहीही झालं की ती वाहिन्या आवळते. जागा कमी झाली की रक्ताचा दाब वाढतो. मानेतल्या मोठ्या वाहिन्यांना तो कळतो, त्या मेंदूला कळवतात, आणि मेंदू खाली निरोप धाडतो, पुरे, आता सोड.

छपरावरून पडल्यापासून बाबांची मान मोडलेली आहे. निरोप मानेपाशीच अडतो.

नळी दबली, लघवी तुंबली, की त्यांच्या खालच्या शरीराला त्रास होतो. तो त्यांना कळत नाही, पण नसांना कळतो. त्या पोटातल्या आणि पायांतल्या वाहिन्या आवळून धरतात. दाब चढत जातो. मेंदू ओरडून सांगतो सोड म्हणून, तर फक्त मानेच्या वरचं ऐकतं. म्हणून तोंड लाल होतं, घाम फुटतो, डोकं फुटायची वेळ येते, आणि पाय मात्र गार, त्यांच्यावर काटा. माणूस ओरडणार नाही तर काय करेल? हे वेळेत थांबवलं नाही तर मेंदूतली वाहिनी फुटते. उपाय एवढाच आहे की त्याला ताबडतोब बसवायचं, पाय खाली सोडायचे आणि काय दाबतं आहे ते शोधायचं.

आणि आपण काय करायचो? आडवं निजवायचं, पाय वर. कारण इस्पितळातून घरी सोडताना तिथल्या नर्सनं तेच घोकून घेतलं होतं, बसवल्यावर डोळे पांढरे केले की आडवं करा, पाय वर घ्या. ते बरोबरच होतं, चक्कर आल्यावर. तेव्हा दाब पडलेला असतो. ह्यात तो चढलेला असतो. बिघाड त्याच मानेतला, उपाय अगदी उलटे, आणि त्यांनी आपल्याला एकच शिकवला. तू तो शहाण्या मुलीसारखा पाठ केलास. त्या नर्सचा मला इतका राग आहे की तिचं तोंड आठवत नाही हे बरं.

पण तू नळी बघितली नाहीस. बाबा काय बोलतात ते ऐकलंस, कपड्यांची पिशवी उचललीस आणि गेलीस.

आता कामाचं. त्या पुनर्वसन रुग्णालयानं मला बोलावलं आहे. जूनपासून. गाव लांब आहे, रोज जाऊन येण्यासारखं नाही. सकाळ-संध्याकाळ बाबांना उचलायला एक माणूस येतो, त्याला आम्ही पहिलवान म्हणतो, कारण अंगावर मांस औषधाला नाही. तो चांगला आहे, पण तासाभरात जातो. दिवसभर ज्याला तोंड बघून पाय चाचपायचं सुचेल असं माणूस घरात पाहिजे. नाहीतर बाबा कुणाच्या तरी गैरसमजात मरतील. आत्या म्हणते, त्या रुग्णालयाचंच राहण्याचं केंद्र आहे, तिथे ठेव. मला ते पटत नाही. कळत असताना घरचं माणूस परक्यांच्या हाती का द्यायचं?

तू परत ये. आता तर तुला कारणही कळलं.

मास्तरीण


२५ मार्च

आई,

तुझ्याऐवजी मावशीचा फोन आला. "तुझी आई म्हणते, डॉक्टरीणबाईंचं पत्र मिळालं, औषध काही लागू पडलं नाही." मी विचारलं, हे ती म्हणाली की तू? तर म्हणे, "मी म्हणाले. ती काहीच म्हणाली नाही. पत्र घडी करून ठेवलं आणि भाजी निवडायला बसली."

बरं. मग हेही वाच आणि घडी कर.

परवा सकाळी पहिलवान बाबांना खुर्चीत बसवत होता. बाबांचं नेहमीचं चाललं होतं, "मला उचलतोयस की मला धरून उभा राहतोयस?" आणि तो म्हणत होता, "दोन्ही, मालक." बसवून तो गेला आणि थोड्या वेळात बाबांचं तोंड तापलं. मला शिव्या सुरू. मी पिशवी बघितली, भरत होती. कमरेचा पट्टा सैल केला. काही होईना. घाबरले आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी बीपी घेतलं. "एकशेचाळीस. ह्या वयाला चालतं."

मी म्हटलं, "डॉक्टर, ह्यांचं रोजचं नव्वद असतं."

"मग आज सुधारलं म्हणायचं."

"मान मोडलेल्या माणसाचं खालीच असतं. नव्वदचं एकशेचाळीस म्हणजे ह्यांच्यासाठी फार आहे."

"काय शिकलीस तू?"

"शरीरक्रियाशास्त्र. पदवी झाली."

"म्हणजे बेडकं कापलीस." मग बाबांकडे वळून, "काका, राग आवरा. रागीट माणसाचं वाढणारच. झोपेची गोळी देतो, दिवसातून दोनदा घ्या, घरालाही शांतता."

घराला शांतता. त्यांना कळलंच नाही की ओरडणं ही बाबांच्या शरीराकडे उरलेली एकमेव घंटा आहे. ती गोळी देऊन बंद केली की बाबा शांतपणे मरतील आणि सगळे म्हणतील, झोपेत गेले, भाग्यवान. गोळ्या मी त्यांच्यासमोर परत केल्या. ते म्हणाले, "तुमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर राग दिसतो." दार लावल्यावर मी बाबांच्या कपड्यांत हात घालून एकेक गोष्ट चाचपली. पाठीमागे कमरेशी, पहिलवानाच्या खिशातला कंगवा पडला होता आणि त्याच्यावर बाबा बसले होते. दातांचे वळ उठले होते. काढला आणि घरच्या बीपीच्या यंत्रावर आकडा उतरत गेला. बाबा म्हणाले, "डोकं मोकळं झालं. काय होतं?" मी कंगवा दाखवला. ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

तेव्हा तुझी आठवण आली आणि मी जास्तच चिडले. दोन वर्षं तू एका रागीट माणसापासून पळते आहेस, आणि तो रागीट माणूस म्हणजे एक दबलेली नळी, एक घट्ट पट्टा, एक कंगवा. एवढं सोपं होतं. कोणी आपल्याला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा तू भाजी निवडत बसलीस.

मी आत्याला सगळं समजावून सांगितलं आहे, आकृती काढून. तिला पटलं. मे महिन्यात ती आणि काका तुला आणायला मावशीकडे येतील. कृपा करून त्यांच्यासमोर तमाशा करू नकोस.

मास्तरीण


१४ एप्रिल

आई,

मावशी आज कॉलेजात आली होती. तू पाठवलं नव्हतंस म्हणाली, आणि मला ते खरं वाटतं, कारण तू पाठवलं असतंस तर ती एवढी बोलली नसती.

उपाहारगृहात बसलो. तिनं चहाला हात लावला नाही. म्हणाली, "तुझ्या आत्याचा फोन येतो रोज. म्हणते, आता तर सायन्सनं सिद्ध झालं. बिचाऱ्याला नसांचा आजार, आणि ही आजारी माणसाला टाकून आली. आख्ख्या नात्यात सांगत सुटली आहे. तुझ्या चित्राचा फोटो पण काढलाय तिनं."

मी म्हटलं, "चित्र बरोबर आहे."

"चित्र बरोबरच असेल गं. तू शिकलेली आहेस. मला एवढंच सांग, तुझ्या आईला डाव्या कानानं ऐकू का येत नाही?"

"लहानपणी ताप आला होता."

"कुणाला?"

"आईला. मला तिनंच सांगितलंय."

"माझी बहीण सासरी गेली तेव्हा दोन्ही कानांनी ऐकत होती," मावशी म्हणाली. "ताप नव्हता तो. हात होता. तू रांगत होतीस. आणि हा बुवा तेव्हा पत्रे बसवायला छपरांवर चढत होता, धडधाकट. तेव्हा कुठली नळी होती ते विचार तुझ्या सरांना."

मग तिनं चहा पिऊन टाकला, गार झालेला, आणि गेली.

आई, मी आयुष्यभर तुझ्या उजव्या बाजूनं चालत आले. रस्ता ओलांडताना, डॉक्टरांच्या रांगेत, माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाच्या फोटोतही. मला कोणी शिकवलं नव्हतं, अंगवळणी पडलं होतं. आणि तू मला ताप म्हणून सांगितलंस. का? मला सांगितलं असतंस तर मी ते पत्र लिहिलं नसतं. आत्याला आकृती काढून दिली नसती. कंगव्याची गोष्ट मी तुला विनोद म्हणून लिहिली, आणि तू ती वाचलीस, आणि तरी गप्प बसलीस. तुझ्या गप्प बसण्याचा मला इतका राग आहे की आत्ता तू समोर असतीस तर मी ओरडले असते. मग तू मान वळवून तो डावा कान माझ्याकडे केला असतास. तू तसं करायचीस. आता कळतं, बाबा बोलायला लागले की तू नेहमी डावा कान त्यांच्याकडे करायचीस.

मी रविवारी त्यांना विचारणार आहे.

मी


२१ एप्रिल

आई,

विचारलं.

खुर्ची खिडकीशी नेली होती. बाहेर समोरच्या गोदामाच्या छपरावर माणसं चढली होती, बाबा त्यांच्या चुका काढत होते. "तो बघ, पत्र्यावर मधोमध पाय देतोय. खिळ्याच्या ओळीवरून चालायचं असतं, गाढवा." चांगल्या मनःस्थितीत होते. म्हणून तेव्हाच विचारलं.

"आईचा कान कसा गेला?"

"तापात."

"कुणाच्या तापात?"

ते छपराकडे बघत राहिले. "जुनं आहे ते. तुला कुणी भरवलं? मावशी ना? ती पहिल्यापासून विषारी आहे."

"मारलं होतं का?"

"एकदा." मग परत छपराकडे बघत, "एकदाच तसं लागलं."

तसं लागलं. मी वाट बघत होते की आता पुढे काहीतरी येईल. आलं ते असं. माझ्याकडे बघून अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "तूच सांगतेस ना, नसा आवळतात, डोकं फुटायला येतं, माणूस काय बोलतो त्याला कळत नाही. माझं पहिल्यापासूनच तसं असणार. पडायच्या आधीपासून. तेव्हा कुणाला कळतंय? विचार की तुझ्या सरांना."

आई, मी घरातली पहिली पदवीधर. परीक्षेच्या दिवसांत तू दिव्याखाली माझ्यासोबत जागायचीस, मला झोप येऊ नये म्हणून. ते सगळं शिकून मी घरात काय आणलं, तर ह्या माणसाच्या हातात देण्यासाठी एक सबब. आणि त्यांनी ती इतक्या सहज उचलली, जणू त्यांच्या मापाचीच शिवून आणली होती.

मी म्हटलं, "तेव्हा तुमची मान शाबूत होती."

"म्हणून काय?"

"म्हणून निरोप खाली पोचत होता. तुमच्या नसा आवळल्या असतील, दाब चढला असेल, सगळ्यांचा चढतो, माझाही आत्ता चढलाय. पण हात तुमच्या ताब्यात होता. मेंदूनं थांब म्हटलं असतं तर हात थांबला असता. तुम्ही म्हटलंच नाही."

"बापाला शिकवतेस?"

"हो."

त्यांचं तोंड लाल झालं. कपाळावर घाम आला. आणि त्यांनी मला ती शिवी दिली जी तुला द्यायचे. मी वळून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. मनात म्हटलं, होऊ दे लाल. हा नळीचा राग नाही, हा ह्यांचाच आहे, मीच आणलाय तो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. आतून शिव्या चालू होत्या. मी एक पातेलं दोनदा घासलं.

मग मला कळलं की मला माहीत नाही. तोंडावरून ते कळतच नाही. खरा राग आणि तो दुसरा, दोन्ही एकाच रंगाचे. त्या दुपारी तूही अशीच उभी असशील.

हात पुसून परत गेले. पाय चाचपले. गार होते आणि केस उभे. बीपीचा पट्टा बांधला, एकशेसाठच्या वर. पिशवी बघितली, नळी बघितली, कमरेखाली हात फिरवला, काही नाही. उजव्या पायातला बूट काढला. अंगठ्याचं नख मांसात शिरलं होतं, बुटानं दाबून तिथे पू झाला होता. बूट निघाल्यावर आकडा उतरायला लागला. मी जमिनीवर बसून त्यांचा अंगठा धुतला. एवढा राग होता माझ्यात, आणि तरी हात नीट चालले. नख कापताना मी अजिबात दुखवलं नाही. दुखवलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, फक्त त्यांच्या नसांना कळलं असतं.

"बघ," ते वरून म्हणाले, "अंगठा होता. मी उगाच ओरडत नव्हतो."

मी म्हटलं, "अंगठा खरा आहे. कानही खरा आहे."

मला त्यांची दया आली नाही. काळजी वाटली. त्यांना जगवायचं आहे, त्यात फरक नाही. पण जगवायचं म्हणून माफही करायचं, आणि माफ झालं म्हणून तुला बोलवायचं, अशी जी साखळी मी घातली होती ती कुणी घालायला सांगितली होती?

मी


७ मे

आई,

हे पत्र लांबेल. पूर्ण वाच.

शनिवारी मी आत्याला आणि काकांना बोलावलं. आत्या खूश होती, तुला आणायला जायचं ठरवायला बोलावलंय असं तिला वाटलं. येताना बाबांसाठी नवीन सदरा घेऊन आली. "वहिनी येतील तेव्हा घाल." मावशीकडे कोणती गाडी धरायची ते काकांनी विचारूनही ठेवलं होतं. पहिलवान संध्याकाळच्या फेरीला आला होता, त्यालाही मी थांबवून घेतलं. त्यालाही आत्यानं आकृती दाखवली होती.

मी उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी. आत्या म्हणाली, "बस की, भाषण आहे का?" मी म्हटलं, हो.

मी सांगितलं, मी जे चित्र काढलं ते बरोबर आहे. बाबा पडल्यापासून त्यांचं तोंड तापतं ते पुष्कळदा आजारानं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण ते चित्र बाबा पडले तिथून सुरू होतं. त्याच्या आधीचं काहीही त्या चित्रात नाही. आईचा डावा कान बाबांनी मारल्यामुळे गेला. त्या वेळी त्यांची मान धड होती. आत्या, तू ज्यांना ज्यांना फोटो पाठवलास, त्या सगळ्यांना हेही सांग.

आत्याचा पेला हातातच राहिला. "लाज वाटत नाही? बापाविषयी बोलतेस. परक्या माणसासमोर." पहिलवान दाराशी भिंतीला लागून उभा होता. तो म्हणाला, "मी जाऊ का?" बाबाच म्हणाले, "थांब."

मग मला म्हणाले, "लोकांसमोर काढायची गोष्ट होती का ही?"

"आईला लोकांसमोर मारलं नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून तर लोकांना माहीत नाही."

काका आपल्या बुटांकडे बघत होते. आत्या भावाकडे बघत होती, त्यानं नाही म्हणावं म्हणून. मी बाबांच्या पायांना हात लावून बघितला, सवयीनं. कोमट होते. काहीही दाबत नव्हतं.

"मारलं होतं," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की माझ्या छातीतलं काहीतरी सुटेल. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं? म्हटलं ना सगळ्यांसमोर? आता तरी बोलव तिला."

आई, मी त्यांच्यावर आयुष्यात इतकी चिडले नव्हते. त्यांना वाटलं ते तिकीट आहे. दोन शब्दांचं तिकीट काढलं की गाडी आलीच पाहिजे. मी म्हटलं, "नाही बोलावणार." आत्या म्हणाली, "मग ह्याला बघणार कोण? तू तर चाललीस नोकरीला." मी म्हटलं, "तू म्हणाली होतीस ना केंद्रात ठेव म्हणून. तेच करते आहे. मीच ऐकलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की घर म्हणजे आईनं परत येणं."

बाबा म्हणाले, "मला टाकतेस."

"जिथे तुमचं तोंड बघून कुणी घाबरणार नाही, घर सोडून पळणार नाही, गोळी देऊन झोपवणार नाही, तिथे नेते आहे. मी त्याच आवारात कामाला असणार. रोज दिसेन. रोज गोड बोलेन असं नाही."

पहिलवानाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हसतोस काय? तू येणार आहेस का तिथे उचलायला?" तो म्हणाला, "तिथे यंत्र असतं, मालक. तुम्ही सुटलात, मीही सुटलो." पण जाताना त्यानं बाबांची कॉलर सरळ केली.

आत्या सदरा घेऊन परत गेली. काका दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "आम्हाला माहीत होतं." आणि ती पायऱ्या उतरायच्या आत खाली पोचले. त्यांचा राग मी पुढे कधीतरी करीन, आत्ता जागा नाही.

सोमवारी रुग्णवाहिकेतून बाबांना केंद्रात पोचवलं. वाटेत खड्ड्यात गाडी आदळली, त्यांचं तोंड तापलं, मी चालकाला थांबवून त्यांना बसतं केलं, नळी सोडवली, पुढे निघालो. तो चालक म्हणाला, "ताई, मला वाटलं ते माझ्यावर भडकले." केंद्रात उतरल्या उतरल्या एक धिप्पाड नर्स आली. बाबा तिला म्हणाले, "मला इथे जबरदस्तीनं आणलंय." ती म्हणाली, "सगळ्यांनाच आणतात, काका," आणि बोलता बोलता तिनं चादर वर करून आधी त्यांचे पाय चाचपले. मग नाव विचारलं. मी त्या नर्सकडे बघत उभी राहिले आणि मला रडू आलं. फार नाही. तिला ह्यात काहीच विशेष वाटलं नाही, आणि तेच मला दोन वर्षं कुठे मिळालं नव्हतं. तुलाही मिळालं नव्हतं. तुला ते कुणी शिकवलं असतं तर त्या दुपारी तू नळी सोडवली असतीस, बाबांना शांत केलं असतंस, आणि मग कदाचित पुढच्या आठवड्यात गेली असतीस. गेली असतीसच. तो तुझा हक्क होता, आणि त्याच्यासाठी तुला कुठल्याही नळीचं कारण लागत नव्हतं. मी महिनाभर तुला पत्रातून उलटं शिकवत होते.

तू मला ताप म्हणून सांगितलंस, त्याचा राग गेलेला नाही. कधीतरी तो तुझ्यासमोर बसून करीन, तुझ्या उजव्या बाजूला. तुला हवं तेव्हा. मावशीच्याच घरी, मीच येईन.

आत्याला बजावलं आहे, तुझ्या दारात कोणी येणार नाही. तुझ्या साड्या, तुझं शिवणाचं सामान आणि भिंतीवरचा तुझा आरसा पहिलवानाच्या भावाच्या टेम्पोतून उद्या मावशीकडे पोचेल. भांडी वाटून टाकली. पलंग केंद्रानं घेतला. काल दुपारी मी खोल्या झाडून काढल्या, किल्ली घरमालकांच्या हातात दिली आणि बाहेर पडले. तुला परत ये म्हणायला आता घरच उरलेलं नाही. ते मी सोडून दिलं.

तुझी
मास्तरीण